पाचवी ते आठवीतील मुले आणि सोशल मीडिया: पालकांनी काय करावे?

सातवीतली एक मुलगी पोटदुखीची तक्रार घेऊन तीन आठवड्यांत तीनदा माझ्या दवाखान्यात आली. दुखणे सकाळी शाळेच्या आधी सुरू व्हायचे. रविवारी मात्र काहीच त्रास नसायचा. पहिल्या दोन वेळा मी आम्लपित्ताचे औषध दिले. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीही नॉर्मल आली. तिसऱ्या वेळी आईला बाहेर बसायला सांगून, नर्स खोलीत असताना मी तिला विचारले, "शाळेत कुणी त्रास देतं का?" ती रडायला लागली. सहलीच्या बसमध्ये ती तोंड उघडे टाकून झोपलेली असताना कुणीतरी फोटो काढला होता. त्याचे स्टिकर बनवून वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरत होते.

"मग आईला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"आईने मोबाईलच काढून घेतला असता."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सोशल मीडियावर मुलांना त्रास होतो हे बहुतेक पालकांना माहीत असते. पण तो त्रास घरात सांगितल्यावर काय होईल, याची भीती मुलांना कधी कधी त्रासापेक्षाही जास्त वाटते. त्यामुळे सेटिंग, ॲप आणि नियम या सगळ्यांची माहिती या लेखात दिली असली, तरी मूल तुमच्याकडे न घाबरता येऊ शकते का, हा प्रश्न सर्वांत आधीचा आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- बहुतेक सोशल मीडिया ॲपवर खाते उघडण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. वय खोटे टाकले तर मुलांसाठी असलेली संरक्षणे लागू होत नाहीत.
- रात्री मोबाईल मुलाच्या खोलीत नको. आरोग्याच्या दृष्टीने हा एक नियम सर्वांत उपयोगी आहे.
- "काहीही झालं तरी मला सांग, सांगितलंस म्हणून मोबाईल काढून घेणार नाही," हे वचन आजच द्या आणि पाळा.
- फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, मुलाला दोष देऊ नका.
- लक्षात ठेवण्याचे क्रमांक: चाइल्ड हेल्पलाइन १०९८, सायबर आर्थिक फसवणूक १९३०, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, आपत्कालीन मदत ११२.

हे वय वेगळे का आहे?

पाचवी ते आठवी म्हणजे साधारण १० ते १४ वर्षे. या वयात शरीरात पौगंडावस्थेचे बदल सुरू झालेले असतात आणि मित्रमैत्रिणींचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा मोठे वाटू लागते. कौतुक, लाईक, ग्रुपमध्ये घेतले जाणे यांचा आनंद या वयात फार तीव्र असतो, आणि वगळले जाण्याचे दुःखही तितकेच.

दुसरीकडे, मेंदूचा पुढचा भाग म्हणजे थांबून विचार करणे, परिणामांचा अंदाज घेणे, मोह आवरणे ही कामे करणारा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्यामुळे "एवढी हुशार मुलगी, तिला कळलं कसं नाही?" हा प्रश्न फारसा योग्य नाही. गणितात पहिली येणारी मुलगीही रात्री अकरा वाजता भावनेच्या भरात फोटो पाठवू शकते. यात बुद्धीचा किंवा संस्कारांचा दोष नाही.

सोशल मीडियाचे फायदेही आहेत. गावाकडची भावंडे संपर्कात राहतात, चित्रकला, बुद्धिबळ, विज्ञान यांचे उत्तम व्हिडिओ मिळतात, आणि लाजाळू मुलांना आपल्या आवडीचे मित्र सापडतात. म्हणून घाबरून जाण्याची गरज नाही. रस्ता ओलांडायला शिकवताना आपण आधी हात धरतो आणि मग हळूहळू सोडतो. इथेही तसेच करायचे आहे.

वयाची अट आणि कायदा काय सांगतो?

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप यांची किमान वयाची अट १३ वर्षे आहे. म्हणजे पाचवी-सहावीतले जवळजवळ प्रत्येक मूल नियमानुसार त्यासाठी लहान आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'बालक' मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

घराघरांत प्रत्यक्षात दोन गोष्टी दिसतात. एक, जन्मसाल खोटे टाकून खाते उघडलेले असते, बऱ्याचदा घरातल्याच मोठ्या भावाने ते करून दिलेले असते. दुसरी, मूल आईच्या किंवा आजीच्या मोबाईलवरून त्यांच्याच खात्यात वावरत असते. दोन्ही ठिकाणी ॲपच्या दृष्टीने समोर प्रौढ माणूस असतो. उदाहरणार्थ, इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत खाते आपोआप खाजगी असते, अनोळखी व्यक्तींचे मेसेज रोखले जातात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद राहतात आणि १६ वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण जन्मतारीख खरी असेल तरच हे सगळे मिळते. म्हणून आधी मुलाच्या खात्यातली जन्मतारीख तपासा.

नेमके धोके कोणते?

*१. ओळखीच्यांकडून होणारा त्रास.* पालकांना अनोळखी माणसाची भीती वाटते, पण या वयात त्रास देणारा बऱ्याचदा वर्गातलाच असतो. फोटोचे स्टिकर करणे, रंगावरून किंवा वजनावरून टोपणनाव पाडणे, एकाला वगळून नवा ग्रुप करणे, एखाद्याच्या नावाने खोटे खाते काढणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. पूर्वी शाळेतली चिडवाचिडवी शाळा सुटली की थांबायची. आता ती मुलाबरोबर घरी येते आणि उशाशी झोपते.

*२. अनोळखी व्यक्तींशी मैत्री.* गेमच्या चॅटमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर 'मी पण आठवीत आहे' असे सांगणारी व्यक्ती चाळिशीची असू शकते. अशी माणसे आधी कौतुक करतात, गेममधल्या भेटी देतात, मग "आपलं बोलणं घरी सांगू नकोस" म्हणतात. हे शेवटचे वाक्य धोक्याची घंटा आहे. मुलाला एवढे एक वाक्य तरी नक्की शिकवा: जो गुपित ठेवायला सांगतो, त्याच्याबद्दल घरी सांगायचेच.

*३. फोटोवरून धमकी.* खाजगी फोटो मागून घ्यायचा आणि "पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो" असे धमकवायचे, हा प्रकार मुलींइतकाच मुलांच्या बाबतीतही होतो. आता साध्या फोटोवरून एआयच्या साहाय्याने खोटा अश्लील फोटोही बनवता येतो. म्हणजे मुलाने काहीही चूक केलेली नसतानाही ते अडकू शकते.

*४. तुलना आणि अयोग्य मजकूर.* रील्समध्ये दिसणारे गोरेपण, सडपातळ शरीर, 'सिक्स पॅक' हे फिल्टर लावलेले असते, पण वाढत्या वयातल्या मुलाला ते खरे वाटते. जेवण टाळणे किंवा न विचारता प्रोटीन पावडर घेणे इथून सुरू होऊ शकते. हिंसा, स्वतःला इजा करणे, अश्लीलता यांचे व्हिडिओ न शोधताही समोर येऊ शकतात.

*५. झोप.* माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त दिसणारा परिणाम हाच. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ वर्षांपुढील मुलांना ८ ते १० तास झोप लागते. स्क्रीनच्या प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते आणि ग्रुपवर काय चालले आहे या उत्सुकतेने मेंदू जागा राहतो. मग सकाळी डोके दुखणे, चिडचिड, वर्गात पेंगणे, विसरभोळेपणा अशा तक्रारी येतात. यासाठी टॉनिक मागायला आलेल्या पालकांना मी आधी विचारतो, "रात्री मोबाईल कुठे असतो?"

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या किशोरवयीनांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे नमूद केले आहे. याचा अर्थ मोबाईलमुळेच नैराश्य येते असा सरळ काढता येत नाही. आधीच एकटे पडलेले मूलही मोबाईलकडे जास्त वळते. दोन्ही शक्यता लक्षात ठेवूनच मुलाकडे पाहावे.

घरातले नियम: कमी, स्पष्ट आणि सर्वांसाठी

वीस नियम कुणी पाळत नाही. हे सहा पुरेत. ते मुलासोबत बसून कागदावर लिहा आणि फ्रिजवर किंवा कपाटाला लावा.

1. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. आईबाबांचेही. गजर लावायला साधे घड्याळ आणा.
2. जेवताना मोबाईल नाही.
3. मोबाईल बाथरूममध्ये किंवा दार लावून वापरायचा नाही.
4. पासवर्ड आईबाबांना माहीत असेल, मित्रांना नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.
5. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही, टाकायचा नाही, पुढे पाठवायचा नाही.
6. भीती, लाज किंवा किळस वाटेल असे काही आले, तर त्याच दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचे.

सहाव्या नियमाच्या खाली पालकांनी आपले वचन लिहायचे: "तू सांगितलेस म्हणून मी ओरडणार नाही आणि मोबाईल काढून घेणार नाही."

इथे पालक विचारतात, मग शिस्त कशी लावायची? दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. रात्री अकराला पांघरुणात मोबाईल सापडला तर तो नियमभंग आहे. दुसऱ्या दिवशीचा वेळ कमी करा, ते ठीक आहे. पण मूल स्वतःहून येऊन "मी एकाला फोटो पाठवला, आता तो त्रास देतोय," असे म्हणत असेल, तर त्यात चार नियम मोडलेले असले तरी त्या दिवशी शिक्षा नाही. त्या दिवशी फक्त मदत. पुढे काही दिवस मोबाईल कमी वापरणे सुरक्षित असेल, तर ते दोघांनी मिळून ठरवा.

एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, काका, मामा यांनाही नियम सांगा. आई नाही म्हणते आणि आजीच्या मोबाईलवर सगळे चालते, असे झाले तर नियम टिकत नाहीत. आजीला दोष न देता, "रात्री साडेनऊनंतर तुमचाही मोबाईल हॉलमध्येच ठेवू या," एवढे सांगितले तरी काम होते.

आपल्या स्वतःच्या स्टेटसकडेही पाहा. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की मुलाचे पूर्ण नाव, शाळा, बैठक क्रमांक आणि गणवेशातला फोटो आपणच सगळ्यांना दाखवतो. कौतुक करा, पण शाळेचे नाव आणि बैठक क्रमांक झाका. आणि फोटो टाकण्यापूर्वी मुलाला विचारा. परवानगी मागणे म्हणजे काय, ते मूल आपल्याकडे पाहूनच शिकते.

सेटिंग: एका रविवारी अर्धा तास द्या

ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांबद्दल 'असर' २०२४ च्या अहवालात एक बोलकी माहिती आहे. सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांना एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे ते माहीत होते, तर खाते खाजगी कसे करायचे हे सुमारे ५५ टक्के मुलांना. म्हणजे बाकीची मुले दार उघडे ठेवूनच बसलेली आहेत, आणि तुमचे मूल त्यांच्याहूनही लहान आहे. म्हणून हे काम मुलाला शेजारी बसवून करा. त्याच्या पाठीमागे नको.

- व्हॉट्सॲप: सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जा. डीपी, लास्ट सीन आणि 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते' हे तिन्ही 'माझे संपर्क' यावर ठेवा. अनोळखी क्रमांकांचे कॉल शांत करण्याची सोय चालू करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून दुसरीकडे कुठे खाते चालू नाही ना, ते पाहा.
- इन्स्टाग्राम: जन्मतारीख खरी, खाते प्रायव्हेट, फॉलोअर्सची यादी मुलासोबत वाचा. "हा कोण?" या प्रश्नाला "माहीत नाही" असे उत्तर आले तर तो फॉलोअर काढून टाका. पालकांचे खाते जोडण्याची सोय वापरा.
- स्नॅपचॅट: नकाशावर आपण कुठे आहोत हे दिसू नये म्हणून घोस्ट मोड चालू ठेवा.
- यूट्यूब: लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स किंवा पालकांच्या देखरेखीखालचे खाते वापरा.
- गेम: अनोळखी खेळाडूंशी होणारे चॅट आणि व्हॉइस बंद करा. यूपीआय किंवा कार्ड गेमला जोडून ठेवू नका.
- पूर्ण मोबाईल: अँड्रॉइडवर गुगल फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम वापरून ॲप, वेळ आणि रात्रीचे कुलूप ठरवता येते. दोन्ही मोफत आहेत.

ब्लॉक आणि रिपोर्ट कसे करायचे, हे मुलाकडून एकदा करवून घ्या. आगीचा बंब दाखवून ठेवतो तसे हे आहे. गरज पडल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

बोलायचे कसे?

समोरासमोर बसून "मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटले की मूल बंद होते. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, झोपण्यापूर्वी अंधारात गप्पा मारताना मुले जास्त बोलतात. स्वतःबद्दल विचारण्याऐवजी इतरांबद्दल विचारा.

- "तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर सध्या काय चाललंय?"
- "कुणाला फार चिडवतात का रे? मग बाकीचे काय करतात?"
- "समजा कुणी तुझ्याकडे नको तसला फोटो मागितला, तर तू काय करशील?"
- "मला हे रील कळलंच नाही. समजावून सांग ना."

उत्तर ऐकून लगेच उपदेश करू नका. "बरं, मग?" एवढेच म्हणा. पहिल्या वाक्यावर आपला चेहरा कसा होतो, यावर मूल दुसरे वाक्य बोलायचे की नाही ते ठरवते.

लक्ष द्यावे अशी लक्षणे

- मोबाईल वाजला की दचकणे, कुणी जवळ आले की स्क्रीन लपवणे
- मोबाईल पाहिल्यावर रडवेले होणे, चिडणे किंवा एकदम गप्प होणे
- शाळेच्या दिवशीच पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ
- आवडता खेळ, क्लास, मैत्रीण अचानक सोडणे
- झोप उडणे, भूक कमी होणे, गुण घसरणे
- कुठून आले ते सांगता न येणारे पैसे, रिचार्ज किंवा भेटवस्तू, किंवा घरातले पैसे कमी होणे
- गरमीतही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, मनगटावर किंवा मांडीवर ओरखडे

एखादे लक्षण एक-दोन दिवस दिसले तर काळजीचे कारण नाही. दोन-तीन लक्षणे एकत्र आणि दोन आठवडे टिकली तर विचारपूस करा. शेवटचे लक्षण मात्र एकदाच दिसले तरी दुर्लक्ष करू नका.

काही घडलेच तर काय करावे?

*वर्गातल्या मुलांकडून त्रास होत असेल तर*

1. आधी पूर्ण ऐका. "तू मला सांगितलंस ते बरं केलंस," हे पहिले वाक्य असू द्या.
2. मेसेज, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा.
3. मुलाने उलट शिवी देऊ नये. उत्तर न देता ब्लॉक करावे.
4. वर्गशिक्षकांना भेटा. शक्यतो आधी त्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका, आणि पालकांच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहू नका. त्यामुळे तुमच्याच मुलाचा शाळेतला त्रास वाढू शकतो.
5. पुढचे पाऊल उचलण्यापूर्वी मुलाला सांगा. त्याच्या नकळत शाळेत जाऊ नका.

*फोटोवरून धमकी येत असेल तर*

1. मुलाला जवळ घ्या. "चूक त्याची आहे, तुझी नाही. आपण मिळून यातून बाहेर पडू," असे स्पष्ट सांगा. अशा वेळी मुले लाजेपोटी टोकाचा विचार करू शकतात. पुढचे काही दिवस त्याला एकटे ठेवू नका.
2. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.
3. बोलणे थांबवा, पण चॅट डिलीट करू नका. समोरच्याचे खाते, क्रमांक, यूपीआय आयडी टिपून ठेवा. हे झाल्यावर त्याला रिपोर्ट आणि ब्लॉक करा.
4. तो फोटो स्वतः कॉपी करू नका आणि कुणालाही पाठवू नका, अगदी काकांना किंवा शिक्षकांनाही नाही. १८ वर्षांखालील मुलाचे अश्लील चित्र पुढे पाठवणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. मोबाईल तसाच पोलिसांना दाखवा.
5. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलाच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे रोखण्याची शक्यता जास्त.
6. 'टेक इट डाउन' ही मोफत ऑनलाइन सेवा १८ वर्षांखालील व्यक्तींच्या नग्न किंवा अश्लील फोटोंसाठी आहे. त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही. फोटोची फक्त डिजिटल खूण तयार होते आणि इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढू शकतात.

पॉक्सो या २०१२ च्या कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख जाहीर करण्यास मनाई आहे. "बदनामी होईल" या भीतीने गप्प राहू नका. आपण गप्प राहावे हेच धमकावणाऱ्याला हवे असते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पोटदुखी किंवा डोकेदुखी वारंवार होत असेल तर आधी शारीरिक कारण तपासणे आवश्यक आहे. सगळे मोबाईलवर ढकलू नका. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, वारंवार उलटी, ताप, शौचातून रक्त, लघवीला जळजळ यांपैकी काही असेल तर तपासणी लवकर करून घ्या. तपासण्या नॉर्मल आल्या तरी दुखणे 'नाटक' नसते. ताणामुळे होणारी पोटदुखी मुलाला खरोखर जाणवते.

पुढील परिस्थितीत डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा:

- दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, चिडचिड किंवा झोपेची तक्रार
- शाळेत जायला सतत नकार
- जेवण टाळणे, वजनाबद्दल सतत बोलणे
- मोबाईल बाजूला ठेवल्यावर आक्रमक होणे, जेवण-अभ्यास-अंघोळही मागे पडणे

मूल "मला जगायचं नाही" असे म्हणाले किंवा स्वतःला इजा करत असेल, तर ती आपत्कालीन स्थिती आहे. थेट विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. घरातली औषधे, शेतीची कीटकनाशके, धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलाचे चॅट चोरून वाचावेत का?
चोरून नको. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा मोबाईल मी अधूनमधून पाहीन, असे आधीच सांगा आणि त्याच्यासमोर पाहा. तेरा-चौदाव्या वर्षी हे हळूहळू कमी करा. जिवाला धोका किंवा शोषणाची दाट शंका असेल तर मात्र पाहणे योग्य आहे. नंतर तसे मुलाला सांगा.

"सगळ्यांकडे इन्स्टाग्राम आहे, फक्त माझ्याकडेच नाही," असे म्हणतो. काय सांगू?
त्याचे दुःख खरे आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. पण 'सगळ्यांकडे' म्हणजे किती जणांकडे, हे त्याच्या मित्रांच्या पालकांना विचारा. वर्गातल्या चार-पाच घरांनी मिळून 'तेरापर्यंत नाही' असे ठरवले तर नाही म्हणणे सोपे होते. तोपर्यंत मित्रांना घरी बोलवा, मैदानावर पाठवा.

मग सोशल मीडिया पूर्ण बंदच करावा का?
ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी लागू केली आहे. घरात तेरा वर्षांपर्यंत खाते नको, हा निर्णय चांगलाच आहे. पण खाते नसले तरी मित्राचा मोबाईल, गेमचे चॅट, वर्गाचा ग्रुप असतोच. त्यामुळे बंदी घातली तरी वर दिलेले बोलणे टळत नाही.

मला स्वतःला मोबाईलमधले फारसे कळत नाही.
हरकत नाही. मुलालाच शिकवायला सांगा. शिकवताना ते काय वापरते, हे तुम्हाला आपोआप कळते. माणसे ओळखण्याचा अनुभव तुमच्याकडे आहे आणि इथे तोच जास्त कामी येतो.

माझेच मूल दुसऱ्याला त्रास देत असेल तर?
"माझं मूल असं करणारच नाही," असे म्हणून विषय संपवू नका. शांतपणे काय घडले ते विचारा, मेसेज त्याच्याकडूनच डिलीट करवा, त्या मुलाची माफी मागायला लावा. चारचौघांत अपमान करू नका. त्रास देणारे मूलही बऱ्याचदा कुठेतरी दुखावलेले असते.

शेवटी

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या आईला मी आत बोलावले, तेव्हा मुलगी तिच्याकडे न पाहता चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. सगळे ऐकल्यावर आई फक्त एवढेच म्हणाली, "मला वाटलं होतं तुला शाळा आवडत नाही." दुसऱ्या दिवशी दोघी मिळून वर्गशिक्षिकांना भेटल्या. शिक्षिकांनी कुणाचे नाव न घेता वर्गाशी बोलून ते स्टिकर सगळ्यांना काढायला लावले, आणि ग्रुपच्या ॲडमिनच्या पालकांना बोलावून घेतले. स्टिकर प्रत्येकाच्या मोबाईलमधून गेले असेलच असे नाही. पण पोटदुखी तीन आठवड्यांत थांबली, गोळी न देता. मोबाईल मुलीकडेच राहिला, फक्त रात्री हॉलमध्ये.

आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला सहावा नियम आणि त्याखालचे तुमचे वचन वाचून दाखवा. सेटिंग रविवारी केली तरी चालेल.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाच्या तक्रारींसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*